‘विकणे आहे’ चालेल, ‘युद्ध नको’ चालणार नाही : लडू विरुद्ध गिलिओ

८ डिसेंबर १९९० रोजी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, सेंट लुईसच्या उपनगरांपैकी लडू नावाच्या छोट्या शहरात, मार्गारेट गिलिओ यांनी आपल्या घरापुढच्या हिरवळीवर एक पाटी रोवली. दोन फूट बाय तीन फूट. मजकूर एवढाच : ‘पर्शियन आखातातल्या युद्धाला नाही म्हणा, आत्ताच काँग्रेसला फोन करा.’ काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद. ती पाटी नाहीशी झाली. त्यांनी दुसरी लावली, ती कुणीतरी आडवी पाडली. गिलिओ पोलिसांकडे गेल्या, तेव्हा पोलिसांनी सांगितलं की लडूमध्ये अशा पाट्या लावायलाच बंदी आहे. तक्रार करायला गेलेली बाईच नियम मोडणारी ठरली.

त्यांनी सिटी कौन्सिलकडे रीतसर अर्ज करून नियमातून सूट मागितली. कौन्सिलने ती नाकारली. मग त्यांनी शहर, महापौर आणि कौन्सिलचे सदस्य या सगळ्यांवर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात दावा लावला. म्हणणं असं की ही बंदी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेल्या भाषणस्वातंत्र्याच्या आड येते. साडेतीन वर्षांनी, १३ जून १९९४ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने गिलिओंच्या बाजूने निकाल दिला. घराच्या अंगणात राजकीय पाटी लावण्याबद्दल अमेरिकेत आज जो काही कायदा आहे, त्याचा पाया हा निकाल आहे.

ज्यांनी अशा पाट्या पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. निवडणुकीच्या दिवसांत तिथे घरोघरी हिरवळीवर उमेदवारांची नावं दिसतात. हल्लीच्या पाट्या बहुतेक पन्हळी प्लॅस्टिकच्या असतात. खाली जाड तारेची चौकट असते, तिच्यावर पाय देऊन दाबलं की ती मातीत घुसते, आणि वरची टोकं प्लॅस्टिकच्या पन्हळांत सरकवली की पाटी उभी. दोन मिनिटांचं काम. पैसे नाममात्र, पुष्कळदा उमेदवाराची माणसं फुकट देतात. आपल्याकडच्या चौकातल्या फ्लेक्सशी तिची गल्लत करू नये. चौकातला फ्लेक्स सार्वजनिक जागेवर असतो आणि तो कुणी लावला हे अनेकदा त्यावरच्या रांगेतल्या फोटोंवरूनच ओळखावं लागतं. अंगणातली पाटी कुणाची हे विचारावं लागत नाही. ज्याचं घर, त्याचं मत. हा फरक पुढे या खटल्याच्या केंद्राशी येणार आहे.

तारखांकडे बघा

कायद्याच्या पुस्तकांत हे प्रकरण ‘पाट्यांच्या नियमनाचं’ म्हणून शिकवलं जातं आणि तारखा मागे पडतात. माझ्या मते तारखांशिवाय ते कळत नाही.

इराकने कुवेतवर हल्ला केला तो २ ऑगस्ट १९९० रोजी. २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव करून इराकला माघारीसाठी १५ जानेवारी १९९१ ची मुदत दिली. गिलिओंची पहिली पाटी लागली ती या ठरावानंतर नवव्या दिवशी. म्हणजे युद्ध होणार की नाही हे ठरायचं होतं, आणि ठरवणाऱ्यांत काँग्रेस होती. १२ जानेवारीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावावर मतदान केलं आणि तो मंजूर झाला. कनिष्ठ सभागृहात (हाउस) २५० विरुद्ध १८३, वरिष्ठ सभागृहात (सेनेट) ५२ विरुद्ध ४७. सेनेटमध्ये तीन जणांनी बाजू बदलली असती तर ठराव पडला असता. ‘आत्ताच फोन करा’ यातला ‘आत्ताच’ हा शब्द शोभेचा नव्हता. त्या पाटीला अर्थ असण्याचे दिवस जेमतेम पाच आठवड्यांचे होते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा युद्ध संपून तीन वर्षं उलटली होती. म्हणून या खटल्यात गिलिओंना प्रत्यक्ष काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी पहिल्या न्यायालयाच्या अंतरिम मनाई हुकमाकडे बोट दाखवीन. जिल्हा न्यायालयाने खटला चालू असतानाच शहराला नियम लागू करण्यापासून रोखलं. मग गिलिओंनी घराच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत साध्या टाइपाच्या कागदाएवढी, साडेआठ बाय अकरा इंचांची पाटी लावली : ‘आखातात शांततेसाठी.’ राजकीय बोलण्याच्या बाबतीत उशिरा मिळालेली परवानगी आणि नकार यांत फारसा फरक उरत नाही. तातडीचे हुकूम देताना न्यायालयं हे ओळखतात, आणि इथेही ओळखलं गेलं.

शहराचं म्हणणं

लडूला खलनायक करणं सोपं आहे. तसं करू नये, कारण शहराची तक्रार खोटी नव्हती. साडेआठ चौरस मैलांचं, म्हणजे सुमारे बावीस चौरस किलोमीटरचं गाव. जवळजवळ सगळं निवासी. व्यापार-उद्योगासाठी राखलेली जमीन तीन टक्क्यांच्या आसपास. मोठी झाडं, मोठी आवारं, शांतता, आणि याच गोष्टींसाठी पैसे मोजून तिथे राहायला आलेली माणसं. गिलिओ राहत होत्या त्या विलो हिल वसाहतीत अवघी ५७ घरं होती.

मनाई हुकूम आल्यावर कौन्सिलने जुना नियम रद्द केला आणि त्याच्या जागी नवा आणला. नव्या नियमाच्या आरंभी हेतूंची लांबलचक यादी जोडली होती. पाट्या अमर्याद वाढल्या तर कुरूपता आणि पसारा वाढेल, निसर्गाची आणि वास्तूंची शोभा जाईल, घरांच्या किमती उतरतील, गावाचं खासगीपण आणि वातावरण बिघडेल, वाहनचालकांना, पादचाऱ्यांना आणि मुलांना धोका होईल. वकिलांच्या सल्ल्याने लिहिलेली यादी आहे हे उघड आहे, तरी तिच्यातली एकही गोष्ट हास्यास्पद नाही. ज्याने मुंबई-पुण्याच्या एखाद्या चौकात विजेचा खांब, सिग्नल आणि झाडाचं खोड फलकांखाली गाडलेलं पाहिलं आहे, त्याला लडूच्या कौन्सिलची भीती परकी वाटणार नाही.

पण नवा नियम एक पाऊल पुढे गेला. त्याने खिडकीतल्या पाट्याही स्पष्टपणे बंद केल्या. टाइपाच्या कागदाएवढी खिडकीतली पाटी वाहनचालकाला कोणता धोका निर्माण करते, याचं उत्तर त्या लांब यादीत सापडत नाही.

दहा अपवाद

बंदी सरसकट होती, पण तिला दहा अपवाद होते. पालिकेच्या पाट्या चालत. घराची ओळख सांगणारी एक चौरस फुटापर्यंतची पाटी चाले. रस्त्याच्या आणि धोक्याच्या सूचना, आरोग्य तपासणीच्या पाट्या, चर्च, धार्मिक संस्था आणि शाळा यांच्या पाट्या, ना-नफा संस्थांचे नामफलक, बस थांब्याच्या पाट्या, व्यापारी भागात व्यापारी पाट्या. आणि, सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट, घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल तर तशी पाटी.

म्हणजे गिलिओ घर सोडून जायला निघाल्या असत्या तर त्यांना पाटी लावता आली असती. राहायचं आणि बोलायचं असेल तर नाही.

‘विकणे आहे’चा अपवाद गावाने उदारपणे दिलेला नव्हता, त्याला इतिहास आहे. न्यू जर्सीतल्या विलिंगबरो या गावाने १९७० च्या दशकात घरांपुढच्या ‘विकणे आहे’ आणि ‘विकले गेले’ या पाट्यांवर बंदी घातली होती. कृष्णवर्णीय कुटुंबं राहायला येऊ लागली तशी गोरी कुटुंबं घाबरून घरं विकून चालली होती. पाट्या दिसल्या नाहीत तर ही पळापळ थांबेल, असा गावाचा हिशेब. हेतू चांगला होता. तरीही १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि निकाल लिहिला थर्गुड मार्शल यांनी, वांशिक विभाजनाविरुद्ध आयुष्य झिजवलेल्या माणसाने. लोकांना खरी माहिती मिळाली तर ते चुकीचा निर्णय घेतील, या भीतीपोटी माहितीच दाबता येत नाही, हे त्या निकालाचं सार. तेव्हापासून ‘विकणे आहे’वर बंदी घालणं कोणत्याही गावाला अवघड झालं. लडूने ती पाटी बंदीतून वगळली आणि बाकीच्यांवर बंदी ठेवली. परिणाम असा झाला की व्यापारी मजकुराला जागा आणि राजकीय मजकुराला नाही. घटनेच्या दृष्टीने हे उलटं आहे, कारण पहिल्या दुरुस्तीने सर्वांत जास्त संरक्षण दिलं आहे ते राजकीय बोलण्यालाच.

आठव्या सर्किटच्या, म्हणजे मिसूरी ज्या न्यायालयीन विभागात येतं तिथल्या, अपील न्यायालयाने नेमकं हेच पकडलं. शहर मजकूर बघून भेद करतं, व्यापारी मजकुराला झुकतं माप देतं, म्हणून नियम अवैध. गिलिओ जिंकल्या. लडू वरच्या न्यायालयात गेलं.

स्टीव्हन्स यांनी सोपी वाट का सोडली

इथून पुढचा भाग मला या प्रकरणात सगळ्यात मोलाचा वाटतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर अपील न्यायालयाचंच कारण उचलून धरण्याची सोय होती. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी ती घेतली नाही. त्यांनी म्हटलं की पाट्यांच्या नियमावर दोन वेगवेगळे आक्षेप असू शकतात. एक, नियम फार थोडं बोलणं बंद करतो, म्हणजे काहींना सूट देऊन काहींना अडवतो. दुसरा, नियम फार जास्त बोलणं बंद करतो. पहिल्या आक्षेपावर निकाल दिला तर काय होईल? शहर शांतपणे दहाही अपवाद रद्द करील. भेदभाव संपेल, सगळ्यांना सारखीच बंदी. आणि गिलिओ जिथे होत्या तिथेच राहतील. चर्चला पाटी लावता येते आणि मला नाही, अशी त्यांची तक्रार नव्हतीच. त्यांना स्वतःच्या घरी युद्धविरोधी पाटी लावायची होती.

म्हणून स्टीव्हन्स यांनी शहराची बाजू क्षणभर मान्य केली. धरून चाला की नियम मजकुराच्या बाबतीत तटस्थ आहे, धरून चाला की कुणाचं मत दाबण्याचा हेतू नाही. तरीही हा नियम टिकतो का? उत्तर आलं, नाही. कारण तो अभिव्यक्तीचं एक अख्खं, जुनं आणि महत्त्वाचं साधनच जवळपास पूर्ण बंद करतो.

न्यायालयासमोर समानतेचा मुद्दा मांडणं वकिलाला नेहमी सोपं जातं. ‘त्याला दिलंत, मला का नाही?’ हे कुणालाही पटतं. पण समानता सगळ्यांना देऊनही साधते आणि सगळ्यांकडून काढून घेऊनही साधते. सत्तेत बसलेल्यांना दुसरा मार्ग जास्त सोयीचा असतो. स्टीव्हन्स यांनी तो मार्ग आधीच बंद केला.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निकालाला पूर्ण पाठिंबा देऊन वेगळी छोटी नोंद लिहिली. त्यांच्या मते नेहमीचा क्रम पाळायला हवा होता, आधी नियम मजकूर बघून भेद करतो का ते तपासायचं, मग बाकीचं. त्यांचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. तो प्रश्न तेव्हा टाळला गेल्याने गावोगावच्या पाटी-नियमांत पुढची एकवीस वर्षं गोंधळ राहिला, तो १९९४ मध्येच मिटवता आला असता. पण या एका बाईच्या या एका तक्रारीला खरा उपाय कोणता, असा प्रश्न विचारला तर स्टीव्हन्स यांचीच वाट बरोबर होती असं मी ठामपणे म्हणेन.

घर बोलतं म्हणजे काय

शहराचा बचाव असा होता की बोलायला दुसरी साधनं पुष्कळ आहेत. हातात फलक धरून उभं राहा, पत्रं लिहा, पत्रकं वाटा, फोन करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, गाडीच्या मागे स्टिकर लावा, भाषण करा, मोहल्ल्याच्या बैठकीत बोला. यादी मोठी आहे, आणि पहिल्यांदा ऐकताना वाटतं, खरंच, एवढं सगळं असताना अंगणातल्या पाटीसाठी अडून का बसायचं?

निकालाचं उत्तर तीन धाग्यांचं आहे. पहिला धागा बोलणाऱ्याच्या ओळखीचा. घरावरची पाटी वाचणाऱ्याला मजकुराबरोबर बोलणारा कोण आहे हेही कळतं. स्टीव्हन्स यांनी उदाहरण दिलं आहे. ‘आखातात शांतता’ ही पाटी निवृत्त सेनापतीच्या किंवा पदकं मिळवलेल्या सैनिकाच्या हिरवळीवर असेल, तर तिचा परिणाम वेगळा. तेच शब्द दहा वर्षांच्या मुलाच्या खोलीच्या खिडकीत किंवा रस्त्याने जाणाऱ्या गाडीच्या मागे असतील, तर वेगळा. समाजवादाचा पुरस्कार आलिशान बंगल्याच्या आवारात केलेला आणि कारखान्याच्या भिंतीवर चिकटवलेला, दोन्ही एक नाहीत.

दुसरा धागा पैशाचा आणि शरीराचा. जाहिरातीला पैसे लागतात, पत्रकं वाटायला पाय लागतात, आणि दोन्हींसाठी वेळ लागतो. ज्याच्याकडे पैसे बेताचे आहेत किंवा ज्याला घराबाहेर फारसं पडता येत नाही, त्याला अंगणातल्या किंवा खिडकीतल्या पाटीला व्यवहारात पर्याय नाही. न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत लिहिलं. गुडघे गेलेली आजी, व्हीलचेअरवरचा माणूस, दोन पाळ्यांत काम करणारी आई, यांचं राजकीय आयुष्य पर्यायांच्या त्या लांब यादीत कुठेच बसत नाही.

तिसरा धागा शेजाऱ्यांचा. पाटी लावणाऱ्याला पुष्कळदा सगळ्या जगाशी बोलायचं नसतं, गल्लीशी बोलायचं असतं. रोज सकाळी कुत्र्याला फिरवणारे, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणारे, ओळखीचे पण घरोब्याचे नसलेले लोक. वर्तमानपत्रातली जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचेलही, पण ती ‘समोरच्या घरातल्या बाईंचं म्हणणं’ म्हणून पोचणार नाही.

याच स्टीव्हन्स यांनी दहा वर्षं आधी, १९८४ मध्ये, उलट वाटणारा निकाल लिहिला होता. लॉस एंजेलिस शहराने सार्वजनिक खांबांवर पाट्या लावायला बंदी केली होती. सिटी कौन्सिलचे उमेदवार रोलंड व्हिन्सेंट यांच्या समर्थकांनी विजेच्या खांबांवर पुठ्ठ्याच्या पाट्या अडकवल्या होत्या. मार्च १९७९ च्या पहिल्या सात दिवसांत पालिकेच्या माणसांनी १,२०७ पाट्या काढल्या, त्यांतल्या ४८ व्हिन्सेंट यांच्या होत्या. स्टीव्हन्स यांनी ती बंदी वैध ठरवली. खांब कुणा एकाचा नसतो. शहर तो स्वच्छ ठेवू शकतं. आणि खासगी जागेवर पाटी लावायची मुभा शिल्लक आहे, हेही त्या निकालात नोंदलेलं आहे. लडूने ती शिल्लक राहिलेली जागाच बंद करायला घेतली होती. दोन्ही निकाल एकत्र वाचले की रेघ स्पष्ट दिसते.

मग गावाने हात बांधून बसायचं का? निकाल तसं म्हणत नाही. पाटीचा आकार, संख्या, रस्त्यापासूनचं अंतर, दिव्यांचा वापर यांवर वाजवी नियम करता येतात. पैसे घेऊन आपल्या अंगणात दुसऱ्याची पाटी लावू देणं, किंवा निवासी जागेत बाहेरच्या धंद्याची जाहिरात करणं, यांचा विचार वेगळा होऊ शकेल असं न्यायालयाने तळटीपेत सांगून ठेवलं आहे. शिवाय एक साधं निरीक्षण नोंदवलं आहे. आपल्या घराची किंमत टिकावी आणि अंगणात पसारा होऊ नये, हे घरमालकाला स्वतःलाच वाटत असतं. वाटेल तितक्या पाट्या कुणी रोवत बसत नाही. गावाच्या भीतीवर हा मोठा उतारा आहे, आणि तो व्यवहारातून आलेला आहे.

‘निवडणुकीआधी तीस दिवस’

लडूनंतर गावांनी सरसकट बंदी सोडली आणि वर्गवारी धरली. राजकीय पाटी एवढ्या आकाराची, मतदानाआधी इतके दिवस, नंतर तितके दिवस. स्थावर मालमत्तेची पाटी वेगळी, कार्यक्रमाची वेगळी. ओकॉनर यांनी विचारलेला प्रश्न आता दाराशी आला. मजकूर वाचल्याशिवाय पाटी कोणत्या वर्गातली हे कळत नसेल, तर हा नियम तटस्थ कसा?

ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाचा नियम २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचला. तिथे ‘वैचारिक’ पाटी वीस चौरस फुटांपर्यंत, कितीही दिवस. ‘राजकीय’ पाटी निवासी जागेत सोळा चौरस फुटांपर्यंत, प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीआधी साठ दिवसांपासून सार्वत्रिक निवडणुकीनंतर पंधरा दिवसांपर्यंत. आणि कार्यक्रमाची वाट दाखवणारी पाटी सहा चौरस फूट, कार्यक्रमाआधी बारा तास आणि नंतर एक तास. एका छोट्या चर्चला स्वतःची इमारत नव्हती. प्रार्थना कधी शाळेत, कधी आणखी कुठे. पाट्या लावल्याशिवाय लोकांना पत्ता कळायचा नाही. त्यांनी दावा केला. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी निकाल लिहिला : मजकुरावरून भेद करणारा नियम अत्यंत कडक कसोटीला उतरलाच पाहिजे, मग त्यामागचा हेतू कितीही निर्मळ असो. गिल्बर्टचा नियम उतरला नाही. निकाल पुन्हा एकमताने, तरी तीन न्यायमूर्तींनी कारणांबद्दल वेगळं मत दिलं. त्यांना काळजी होती की साध्या, निरुपद्रवी नियमांवरही आता गंडांतर येईल.

या निकालानंतर ‘राजकीय पाटी फक्त निवडणुकीआधी तीस दिवस’ अशा गावनियमांचा पायाच ढासळला. अनेक गावांनी ‘राजकीय’ हा शब्द काढून ‘तात्पुरत्या पाट्या’ अशी एकच वर्गवारी केली. त्याचं लिखाण करणं किचकट असतं, पण ते योग्य आहे. गिलिओंच्या पाटीवर कुणा उमेदवाराचं नाव नव्हतं आणि डिसेंबरात निवडणूकही नव्हती. निवडणुकीच्या दिनदर्शिकेला बांधलेला नियम तिला सामावूनच घेऊ शकला नसता. युद्ध, शाळेचा कर, गल्लीच्या टोकाला येणारं गोदाम, हे विषय मतदानाची तारीख बघून येत नाहीत.

नगरपालिका नव्हे, असोसिएशन

आता त्या बाजूकडे येतो, जी न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये टाउनहाउस (रांगेतलं जोडघर) घेतलेल्या मराठी कुटुंबाला जास्त जवळची आहे. लडूचा निकाल सरकारला बांधतो. तुमच्या वसाहतीची होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची आपल्या हाउसिंग सोसायटीसारखी संस्था, सरकार नाही. घर घेताना सही केलेल्या जाडजूड कागदांत ‘कोणतीही पाटी लावणार नाही’ असं कलम असेल, तर पहिल्या घटनादुरुस्तीकडे बोट दाखवून बहुतेक राज्यांत काही मिळत नाही. माणूस लडूचा निकाल वाचून खूश होतो आणि पुढच्या महिन्यात दंडाचं पत्र येतं.

न्यू जर्सी मात्र निराळं आहे, कारण त्या राज्याची स्वतःची घटना भाषणस्वातंत्र्याला काही प्रसंगी खासगी संस्थांविरुद्धही लागू करते. मराठी वस्ती असलेल्या पार्सिपनीत, मॅझ्डाब्रूक कॉमन्स या टाउनहाउस वसाहतीतले एक रहिवासी, खान, २००५ मध्ये टाउन कौन्सिलला उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या प्रचाराच्या दोन पाट्या लावल्या, एक खिडकीत आतून, एक दाराच्या आतून. असोसिएशनने काढायला लावल्या. नियम काय होता? ‘विकणे आहे’ सोडून सगळ्या पाट्यांना मनाई. लडूचाच अपवाद, पंधरा वर्षांनंतर, दुसऱ्या राज्यात. पुढे गुलाबाच्या वेलीची उंची नियमाबाहेर गेल्याच्या दंडावरून वाद न्यायालयात गेला आणि त्यातच पाट्यांचा प्रश्न उभा राहिला. २०१२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने खान यांच्या बाजूने निकाल दिला.

पण त्याच न्यायालयाने २००७ मध्ये ट्विन रिव्हर्स वसाहतीच्या असोसिएशनची बाजू उचलून धरली होती. तिथला नियम प्रत्येक घराला एक पाटी खिडकीत आणि एक अंगणात, घरापासून तीन फुटांच्या आत, फुलांच्या वाफ्यात, लावू देत होता. तो न्यायालयाला वाजवी वाटला. एवढी जागा ठेवली तर चालतं, काहीच ठेवली नाही तर चालत नाही. लडूच्या निकालातली तीच रेघ इथे खासगी वसाहतीत ओढली गेली.

इतर राज्यांनी विधिमंडळातून उपाय काढले. कॅलिफोर्नियात असोसिएशनला बिगर-व्यापारी पाटी अडवता येत नाही, नऊ चौरस फुटांपेक्षा मोठी असेल तर हरकत घेता येते. टेक्ससमध्ये निवडणुकीआधी नव्वद दिवसांपासून नंतर दहा दिवसांपर्यंत, प्रत्येक उमेदवाराची किंवा प्रश्नाची एक पाटी लावायचा हक्क आहे. बारकाईने बघा, हा हक्क दिनदर्शिकेला बांधलेला आहे. टेक्ससमध्ये एखाद्या गिलिओबाई असोसिएशनच्या वसाहतीत राहत असतील आणि विषय युद्धाचा असेल, तर या कायद्याचा त्यांना उपयोग नाही. या बाबतीत कॅलिफोर्नियाचा कायदा मला सरस वाटतो, कारण तो मजकूर किंवा तारीख विचारत नाही, फक्त पाटी मोजतो.

असोसिएशनचं पत्र आलं तर आधी तीन गोष्टी बघाव्यात. नियम कुणाचा आहे, गावाचा की असोसिएशनचा? राज्याच्या कायद्यात असोसिएशनसाठी काही मर्यादा घातली आहे का? आणि पाटी नक्की कुणाच्या जमिनीवर आहे? पदपथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी आपणच कापतो, आपणच पाणी घालतो, पण ती पुष्कळदा सार्वजनिक असते. तिथली पाटी पालिकेने उचलली तर तो व्हिन्सेंटच्या खांबांचा प्रश्न झाला, गिलिओंच्या हिरवळीचा राहिला नाही. पाटी चार पावलं आत घेतली की बाजू बदलते.

खुद्द मिसूरीतही आता याविषयी कायदा आहे. घरांच्या करारांतल्या कोणत्याही अटीने राजकीय पाटीला बंदी घालता येत नाही. असोसिएशनला वेळ, आकार, जागा, संख्या आणि लावण्याची पद्धत यांबद्दल वाजवी नियम करता येतात. सामाईक जागेतली, धोकादायक किंवा गाणी-आवाज जोडलेली पाटी तिला काढता येते. एरवी घरमालकाच्या जागेतली पाटी काढण्याआधी किंवा दंड लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, कोणता नियम मोडला हे त्यात नेमकं लिहावं लागतं, आणि तीन दिवस थांबावं लागतं.